जोडीतली दुसरी मूकुत्ती

कीर्तना,

हे मुद्दाम हिंदीच्या अक्षरांत लिहिते. आजीला तमिळच वाचता येतं.

तुझ्या टोचलेल्या ओठातली टायटॅनियमची टिकली मीच हट्टाने काढायला लावली. तोंडात लोखंड कसलं घालतेस म्हणाले आणि आजीने लग्नात मला नाकात घालायला दिलेल्या मूकुत्तींच्या जोडीतली एक तिथे बसवली. घरचं सोनं म्हणून. आता ओठ एवढा सुजलाय. तू झोपलीस तेव्हा माझ्या नाकातली दुसरी काढून सोनाराकडे कसोटीवर घासून आणली. वर सोन्याचं नुसतं पाणी आहे, आत तांबं नि कसलं कसलं.

टोचणाऱ्या मुलीला आणायला निघालेय. ती येईपर्यंत ओढून काढू नकोस, भोक बुजून पू आत अडकेल म्हणाली. चांदीही नको, टायटॅनियमच घालणार आहे. गार ताक पी, रसमला हात लावू नकोस.

आजीला काही विचारू नकोस. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला जाणून घ्यायचं नाही.

तू चार दिवसांत दुखतंय म्हणालीस. माझं नाक बावीस वर्षं चिघळत होतं, आणि मी सगळ्यांना सांगत आले, माझं रक्तच वाईट.

अम्मा