जमिनीला न टेकलेलं पाणी

१२ मे
स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून लेकीचं टपाल. आलं ते – रिकामी बाटली एक, चिठ्ठी एक. पाठवणावळ नऊ डॉलर. रिकाम्या बाटलीला! चिठ्ठीत तीनच वाक्यं. "सातवा लागला. तीर्थ संपलं. पाठव."

तीन वर्षांपूर्वी रेणूनं न विचारता राजशी कोर्टात लग्न केलं. मी गेले नाही, तिच्या भावाला, केदारलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून ती आमचे फोन उचलत नाही. तिला दिवस गेल्याचं महाराष्ट्र मंडळातल्या बायकांकडून कळलं. मग मीच तीर्थ पाठवलं. आता ही चौथी बाटली मागतेय – म्हणजे घेतेय! तेवढाच धागा.

१५ मे
पाऊस. घरामागच्या लाकडी डेकवर पितळी गंगाळ मांडलं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास. जमिनीला न टेकलेलं पाणी सोवळं, असं आई सांगायची – आणि फुकट. बाळकृष्णाला अभिषेक. बाटली भरली, वर तुळशीचं पान.

१८ मे
शेजारची यामिनी आली होती. युनिव्हर्सिटीत असते. दर मंगळवारी इथल्या मोठ्या तलावाकाठी जाऊन नरसाळ्याखालची पावसाच्या पाण्याची बाटली बदलते, तपासायला नेते. तलाव कसला, समुद्रच – फक्त खारट नाही. मी कौतुकानं गंगाळ दाखवलं.

"काकू, हे पिता तुम्ही?"

म्हटलं, तीर्थ आहे. लेकीला पाठवते.

मग तिनं सांगितलं. कारखान्यांचा धूर, न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपातलं रसायन, जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल – सगळं हवेत चढतं, पाऊस ते तलावावर उतरवतो. आमच्या डेकवरही. उकळून जात नाही. तुळशीनं? तिनं मानेनंच नाही म्हटलं. विचारलं, गरोदर बाईला चालेल?

"चमचाभरानं लगेच काही होत नाही, काकू. पण माझ्या बहिणीला मी दिलं नसतं."

१९ मे
आणि बाळकृष्णाला रोज तेच घालत होते.

२१ मे
भरलेली बाटली तशीच पडून. सांगावं तर रेणू म्हणेल, लग्नाला आली नाहीस आणि वर हे पाजलंस. मग चिठ्ठ्याही बंद होतील. केदार म्हणतो, "चिल कर आई, चमचाभर तर घेते." त्याचं काय जातंय!

२२ मे
बाटली ओतायला गेले. तुळशीत नको. अंगणात नको. सिंकमध्ये ओतलं – तेही फिरून तलावातच जाणार. नळाचं पाणी फिल्टरमधून गाळलं, त्याचा अभिषेक केला, भरून पाठवलं. अकरा डॉलर वीस सेंट. चिठ्ठीत पाण्याबद्दल अक्षर नाही. देवाच्या नावावर लपवाछपवी. पण आता तरी पोटातल्या जिवाला धक्का नाही.

२ ऑगस्ट
दोन पानी पत्र! मुलगी झाली, तीन आठवडे आधी. सिया नाव ठेवलं. लिहिते – "आई, खरं सांगू? तीर्थ मी घेतलं नाही, राग होता. पण फेकवेना. चारही बाटल्या एका बरणीत ओतून ठेवल्या. आता सियाची दुधाची पावडर त्यातच कालवते. तुझं काहीतरी तिच्या पोटात जावं."

मेसेज टाकला, तो ती बघत नाही. फोन केले. मी, केदारनं, यामिनीनंही. उचलत नाही.

३ ऑगस्ट
उद्या पोचेल अशा टपालानं पत्र पाठवलं. लिहिलं – रेणू, बरणी रिकामी कर. पाणी बरं नाही, मला मे महिन्यापासून माहीत होतं. सियाला किती दिवस दिलंस, उलट टपाली कळव.