चौदाचा हुकूम

४ फेब्रुवारी ६३, सोमवार

दुकानावर पाटी लावली. माझ्याच हातानं लिहिली: ‘येथे फक्त चौदा कॅरटचे दागिने घडवून मिळतील.’ लिहिताना खडू दोनदा मोडला. हुकूम निघून महिना होत आला, संताप उतरायचं नाव नाही. बावीसचं घडवलं तर गुन्हा. कैदही होऊ शकते म्हणतात. सराफ्यात आमची ही तिसरी पिढी. बाराव्या वर्षापासून फुंकणी तोंडाला लावतोय, आणि आज दिल्लीतला कुणी साहेब मला सांगणार की सोन्यात तांबं किती घालायचं!

आजवर तांबं घातलं तर सोनार चोर. आता नाही घातलं तर चोर.

७ फेब्रु., गुरु.

चौदाचं करून पाहिलं. मंगळसूत्राची वाटी. ठोकता ठोकता कडेला चिरली. पुन्हा तापवली, पुन्हा चिरली. पाच झाल्या, पाचही गेल्या. हात मऊ सोन्याला सरावलेला, हे म्हणजे खिळे ठोकणं. रंगही मेलेला.

सौ. चहा घेऊन आली, बघून म्हणाली, ‘पितळ आहे का हो?’

तिच्यावरच ओरडलो. तिचा काय दोष.

१५ फेब्रु., शुक्र.

शाळेतले मास्तर संध्याकाळी ओट्यावर बसले. पेपर वाचून आलेले. म्हणे, ‘नाना, चीननं गचांडी धरलीय. परदेशातनं चोरून सोनं येतं, देशाचा पैसा बाहेर जातो. थोडा त्याग नको का करायला?’

डोकं फिरलं. म्हटलं, त्याग मला शिकवू नका. नोव्हेंबरात संरक्षण फंडाला सौ.च्या पाटल्या मी दिल्या, रांगेत उभं राहून. तुमची अंगठी अजून बोटात आहे. सरकारनं मागितलं, मी दिलं. मग हुकूम कशाला? मागणं वेगळं आणि हात धरणं वेगळं.

मास्तरांनी अंगठीचा हात मागं घेतला. तरी माझी गाडी थांबेना. ‘उद्या हुकूम निघाला की पोरांना पाढे चौदापर्यंतच शिकवायचे, पंधरा शिकवला तर कैद, तर काय कराल?’

‘असं कसं होईल?’ म्हणाले.

माझं असंच झालंय ना.

सरकारनं सीमेवर लढावं, रस्ते करावेत, चोर धरावेत. त्यासाठी कर भरतो, कधी कुरकुर केली नाही. पण माझ्या ऐरणीशी त्याचं काय काम? कुणी बायकोच्या गळ्यात काय घालायचं हे घरात ठरतं. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा याच ओट्यावरून पेढे वाटले होते मी. निजाम गेला, आता कुणाचा हुकूम नाही म्हणून. तेव्हाचा मी आज भेटला तर दोन थोबाडीत देईन.

११ मार्च, सोम.

ठकूबाई आली, वेरूळकडची धनगरीण. तिच्या आईचे दागिने वडिलांनी घडवलेले, तिचे मी. धाकटीचं लग्न अक्षय तृतीयेनंतर. पदराच्या गाठीतून आईच्या माळेतल्या चार सोन्याच्या पुतळ्या काढून समोर ठेवल्या. ‘दोन वाट्या अन् मणी करा, नाना. उरलं तर कानातलं.’

सगळं समजावून सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

‘म्हंजी माज्या सोन्यात तांबं घालाया सरकार सांगतंय? अन् तुमी घालनार?’

‘नाही घातलं तर धरतील, बाई.’

‘सोनं माजं, लेक माजी, गळा तिचा. सरकारला काय देनंघेनं?’

याला उत्तर असलं तरी मास्तरांकडं असेल.

मी काम घेतलं नाही. भ्यालो. इथं तरी खरं लिहावं. तिला पलीकडच्या बोळात दत्तूकडं पाठवलं. दत्तू माझ्याच हाताखाली शिकला, आता घरी करतो. दार लावून बावीसचं करतो हे सगळ्या सराफ्याला ठाऊक. म्हणजे धोका त्याच्या गळ्यात टाकला आणि मी पाटीखाली बसून राहिलो.

२९ मार्च, शुक्र.

काल लिहवलं नाही.

काल दुपारी दत्तूच्या घरावर धाड पडली. सोन्याच्या खात्याचा साहेब, दोन शिपाई, बोळाच्या तोंडाशी जीप. पाटावरच वाटी सापडली, ठकूबाईचीच. साहेब तरुण, शिकलेला, पण सोनं किती कसाचं हे त्याला कुठं कळतं? ज्यांना चौदा आणि बावीस ओळखता येत नाही ते आमच्यावर देखरेख ठेवणार. कुणीतरी म्हणालं, नानांना बोलवा. शिपाई आला. वडिलांची कसोटी आणि तेजाबाची बाटली घेऊन गेलो. जायला नको होतं. पण नाही म्हणायचं सुचलंच नाही.

वाटी हातावर घेतली. तीन महिन्यांत असं काम बघितलं नव्हतं. कड कागदासारखी पातळ, कुठं हातोडीचा डाग नाही. दगडावर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. चौदाची असती तर रेघ उडाली असती. ही हलली नाही.

साहेबानं विचारलं, ‘किती?’

आणि मी म्हणालो, ‘बावीस. एक गुंज खोट नाही. काम बघा साहेब, असा हात सराफ्यात दुसरा नाही.’

म्हणालो! छाती फुगवून! गिऱ्हाईकानं विचारावं आणि मी सांगावं, तसा. चाळीस वर्षं कुणी ‘किती’ विचारलं की तोंडातून खरं तेच निघालंय.

दत्तूनं मान खाली घातली. पोरसवदा होता तेव्हा शाबासकी दिली की घालायचा तशीच. क्षणभर खूश झाला तो. मग त्यानं वर बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघांनाही कळलं.

साहेब तोवर लिहून घेत होता. पंचनाम्यावर सही केली मी. वाटी आणि उरलेलं सोनं जप्त, दत्तूला जीपमध्ये घातलं.

३० मार्च, शनि.

दत्तू जामिनावर सुटला. मी गेलो तर त्याच्या बायकोनं दार उघडलं नाही.

साहेब मात्र दुकानात येऊन बसला. गोड बोलतो. ‘तुमच्यासारखी खरी माणसं हवीत खात्याला. परीक्षकाची जागा निघणार आहे, नाव सुचवतो.’ फॉर्म ठेवून गेला. आधी हात तोडायचे, मग त्याच माणसाला दुसऱ्याचे हात तोडायला पगारावर ठेवायचं. वा रे राज्य!

सौ. म्हणाली, ‘पगार तरी येईल.’ फॉर्म फाडला नाही अजून, त्याचाही राग येतोय.

३ एप्रिल, बुध.

ठकूबाई एस.टी.नं आली. दत्तूकडून कळलं तिला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

‘सरकारनं नेलं म्हंजी काय, नाना? माज्या आईच्या पुतळ्या हायत त्या. सरकारच्या आईच्या नाय.’

‘केस संपेपर्यंत मिळणार नाहीत. कदाचित नंतरही नाही.’

‘अन् तुमीच सांगितलं म्हनं, बावीसचं हाय म्हनून.’

‘हो.’

‘खरं त्येच सांगितलं.’ इतकंच म्हणाली, आणि निघाली. यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

१० एप्रिल, बुध.

समन्स. शनिवारी २० तारखेला कोर्ट, साडेदहा वाजता. पंच म्हणून साक्ष, कसोटी घेऊन हजर राहणे. कोर्टासमोर वाटी पुन्हा घासायची. म्हणजे काय ते साहेबानं येऊन समजावलं. दत्तूचं सगळं माझ्या शब्दावर.

१४ एप्रिल, रवि.

दत्तू स्वतःहून आला. बसला नाही.

‘नाना, एका शब्दाचं काम व्हतं. चौदा म्हनायचं. काय गेलं असतं तुमचं?’

‘तोंडातून गेलं रे.’

‘तोंडातून गेलं! माझी दोन लेकरं हायत.’ मग आवाज खाली आणला. ‘तेजाबात चिमूटभर मीठ टाका. बावीसची रेघबी उडती, तुमीच शिकवलंय. साहेबाला काय कळतंय? मागल्या वेळी चुकलो म्हना.’

मी शिकवलं होतं ते खोटं करणाऱ्याला पकडायला. त्यानं ते माझ्याकडंच परत आणलं.

‘बघतो,’ म्हणालो. दत्तूनं मान हलवली, गेला.

१६ एप्रिल, मंगळ.

मिठाची पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. सकाळपासून चारदा उघडून बघितली.

सोन्याबद्दल खोटं बोललो तर मी कोण उरलो? आणि खरं बोललो तर दत्तू तुरुंगात. माझ्या खरेपणावर हे साहेब लोक मजेत राज्य करणार. मला खोटा तरी व्हायला लावतात नाहीतर हरामखोर तरी. तिसरं काही ठेवलंच नाही यांनी. याचा जितका राग आहे तितका पाटल्यांचा नाही, धंद्याचा नाही.

सौ.ला सगळं सांगितलं, मिठाचंही. बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग उठून आत गेली, हातात माहेरचा एकच उरलेला बिलवर होता. माझ्यासमोर ठेवला.

‘ठकूबाईच्या लेकीचं लग्न आहे ना,’ म्हणाली.

१८ एप्रिल, गुरु.

सकाळी पाटी काढली. फॉर्म निखारे पेटवायला वापरला. दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि भर रस्त्याकडं तोंड करून बसलो. बिलवर वितळवला. तांबं घातलं नाही.

मास्तर शाळेत चालले होते. थांबले. काय चाललंय ते कळलं त्यांना. हळूच म्हणाले, ‘नाना, दार तरी लोटून घ्या.’

‘नाही मास्तर.’

ते गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, शाळेला उशीर करून. जाताना एवढंच म्हणाले, ‘पंधराचा पाढा मी शिकवीन.’

दुपारपर्यंत दोन वाट्या झाल्या. कुठं चीर नाही. हात विसरला नव्हता. एक वाटी वडिलांच्या दगडावर घासली. दत्तूच्या वाटीची रेघ मी पुसली नव्हती, तिच्या शेजारीच ओढली. तेजाब सोडलं. साधं, मिठाशिवाय. दोन्ही रेघा तशाच राहिल्या.

उद्या ठकूबाई येऊन वाट्या घेऊन जाईल, निरोप धाडलाय. परवा कोर्टात दगड नेणार. विचारतील, किती? बावीस सांगणार. मग शेजारच्या रेघेवर बोट ठेवणार, हेही बावीस, हे माझं. दत्तू चोर असेल तर मीही चोर, एकाच कलमात घाला. दत्तूला अजून सांगितलेलं नाही. त्याला मीठच हवंय. माझ्या अशा बोलण्यानं तो सुटेल की नाही, ठाऊक नाही.

सौ.नं पांढरा सदरा धुऊन वाळत घातलाय. आताच विचारून गेली, ‘शनिवारी किती वाजता परत याल?’