बाळाची पाठ

सोमवार, ४ मार्च
लेकीला मुलगी झाली. मी आजोबा झालो! शुक्रवारी डिस्चार्ज. नात पहिल्यांदा घरी येणार ती माझ्याच गाडीतून, असं जाहीर करून टाकलं. तिकडे व्याह्यांनीही गाडी पुसायला काढलीय म्हणे. पुसू देत बापडे.

हॉस्पिटलचा नियम: बाळाची सीट नीट बसवली की नाही ते नर्स तपासणार, मगच बाळ सोडणार. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो मी. मला सांगताहेत.

मंगळवार, ५ मार्च
सीट आणली. बायको म्हणाली, अहो, आधी पुस्तिका वाचा. वाचली. नुसती वाचली नाही, पाठ केली.

बुधवार, ६ मार्च, सकाळी ११
बसवली. वीस मिनिटांत. म्हणजे दोन तास, पण त्यात बक्कल शोधण्यातच बराच वेळ गेला. एक क्लिप उरली. कंपनी एखादी जास्तीची देतेच.

सीट बोटभरही हलता कामा नये, असं लिहिलंय. हलवून पाहिली. हलली. पण आमची गाडीच जुनी, तीही हलते.

चित्रात बाळाचं तोंड मागे आहे. छापताना उलटं पडलं असणार. आजोबा गाडी चालवताहेत आणि नात त्यांच्याकडे पाठ करून बसलीय, हे कुठल्या घरात चालतं? सीटचं तोंड पुढे केलं.

गुरुवार, ७ मार्च
व्याह्यांचा फोन. मदतीला येऊ का? म्हटलं, तसदी नको. मग गुडघा रोवून बेल्ट ओढला. सीट तशीच, माझी कंबर धरली. शेकतोय. उद्या चालवणार म्हणजे चालवणारच.

शुक्रवार, ८ मार्च, दुपारी ४
नर्सने सीटला एक हात लावला. सीट कलंडली. मग तिने विचारलं, “आणि पाठ, आजोबा?”

“पाठ आहे की. पहिल्या पानापासून म्हणून दाखवू?”

लेकीला हसू आवरेना, टाके दुखायला लागले. नर्सने समजावलं. एवढ्याशा बाळाची मान नाजूक. जोरात ब्रेक लागला तर धक्का पाठीने झेलायचा, म्हणून तोंड मागे. चित्र सरळच होतं.

व्याह्यांनी शांतपणे पुस्तिका वाचली आणि बेल्ट धरून ठेवणारी क्लिप मागितली. ती माझ्या खिशात निघाली. मी होतो म्हणून बरं. दहा मिनिटांत सीट पक्की, नर्स खूश.

कंबरेमुळे गाडी व्याह्यांनी चालवली. पण गाडी माझीच. शब्द पाळला.

मी मागे, सीटशेजारी. नातीची पाठ व्याह्यांकडे, तोंड माझ्याकडे. घर येईपर्यंत बघत बसलो. मला मुळात असंच बसवायचं होतं.