विचारायचं कुणाला?

हाल्बेनरोड,
१४ ऑक्टोबर १९२१

प्रिय ताई,

नमस्कार. थंडीत तुझे गुडघे कुरकुरत नसतील आणि मठातल्या बाकीच्या घरंदाज म्हाताऱ्या तुला पत्त्यांत फसवत नसतील, अशी आशा. मी बरा आहे. म्हणजे खातो-पितो, झोपतो. बाकी माझं काय चाललंय ते मलाच धड कळत नाही.

खबर म्हणशील तर यंदा बटाटे बरे आलेत. राजवाड्यात आता मुलींची शाळा भरते. ज्या दालनात मी सरकारांच्या मागे उभा असायचो, तिथे पोरी कवायत करतात. परवा सवयीने दारात थांबलो, कुणी आत या म्हणेल म्हणून. शिक्षिकेने विचारलं, "कुणाचे वडील आपण?" काय सांगणार, कपाळ!

आता मुद्द्याचं. मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहतो त्या मिन्नाबाई, खोगीरवाल्याची विधवा. तोंडाने तिखट, मनाने सोनं. त्यांच्याशी लग्न करायचं म्हणतो. झालं, लिहून टाकलं एकदाचं! त्या तयार आहेत, पण नाताळाआधी झालं नाही तर ब्रेमेनला भावाकडे जाईन आणि परत यायची नाही, म्हणतात. त्या बोलतात तसं करतात. आणि मी अडलोय परवानगीपाशी.

हसू नकोस. आपल्या घराण्यात सरकारांच्या होकाराशिवाय कुणी बोहल्यावर चढलंय का? आता सरकार गादीवर नाहीत, मग विचारायचं कुणाला? नगरकचेरीत गेलो. कारकुनाने चष्मा वर केला. "वय?"

"बावन्न."

"मग परवानगी कसली मागताय, आजोबा? आई रागावेल?" सगळी कचेरी खिदळली.

घरी येऊन सांगितलं, तर मिन्नाबाई कोबी चिरता चिरता म्हणाल्या, "तुम्हाला बायको हवीय की हुकूम? एक काय ते ठरवा."

"पण सरकार..."

"अहो काउंटसाहेब, तुमचे सरकार जाऊन तीन वर्षं झाली! त्यांना स्वतःच्या कोटाची बटणं लावता येत नाहीत म्हणे, आणि ते माझं लग्न लावणार?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

खरं कारण त्यांना ठाऊक नाही. ते तुझ्याजवळ येऊन थांबतं.

शेवटी सरकारांकडेच गेलो. ते आता शिकारीच्या जुन्या बंगल्यात राहतात, मधमाश्या पाळतात. मी कमरेत लवून नमस्कार केला. त्यांच्या तोंडावर जाळी होती, त्यामुळे कुठे बघून बोलावं कळेना. माझं ऐकून म्हणाले, "अरे, कर की! मला कशाला विचारतोस?"

"सरकार, आपण नाही म्हणू शकता."

ते पोट धरून हसले. "माझं आता आचारीसुद्धा ऐकत नाही रे!" आणि मधाची बरणी माझ्या हातात ठेवली. मला हवं होतं ते मिळालं होतं ना? मग आनंद का होईना?

पत्र इथेच संपवणार होतो. पण नाही, सांगतो. निघताना मी तुझा विषय काढला. कशाला काढला, देव जाणे. म्हटलं, "माझ्या बहिणीला योखेन वनाधिकाऱ्याशी लग्न करायला आपण नाही म्हणाला होतात."

त्यांनी जाळी वर केली. बराच वेळ आठवून पाहिलं. सोंग नव्हतं ते, ताई. म्हणाले, "असं? मी नाही म्हणालो होतो? का बरं?"

का बरं, म्हणे! आणि तू त्या एका शब्दाखातर मठात जन्म काढलास. योखेन वाट बघून बघून पोमेरेनियात निघून गेला, तरी तू रडली नाहीस. मला म्हणालीस, "सरकारांनी विचार करूनच सांगितलं असेल." मला अजून तुझा तो आवाज ऐकू येतो.

म्हणून मी दारोदार फिरतोय. ज्याच्या हो-नाहीला अजून वजन आहे असं कुणीतरी भेटावं म्हणून. कारण तसं कुणीच नसेल, मी नुसता उठून चर्चमध्ये जाऊन लग्न करू शकत असेन, तर तू तेव्हा कुणाचं ऐकलंस गं? डोकं फुटायची वेळ आलीय, पण हा गुंता सुटत नाही. मला मिन्नाबाई हव्या आहेत. फार हव्या आहेत. आणि तुझ्याकडे बघितलं की मला लाज वाटते.

आता विचारायला तूच उरलीस. नाही म्हणालीस, तर मिन्नाबाईंना मी स्वतः ब्रेमेनच्या गाडीत बसवून देईन. कारण विचारणार नाही. हो म्हणालीस, तर लग्नात पहिल्या बाकावर तू बसायचंस. काय म्हणायचं ते म्हण. पण ताई, जे म्हणशील ते विसरू नकोस.

मधाची बरणी उघडलेली नाही. ठेवू की फेकू, तेही तूच सांग.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
तुझा धाकटा,
एबरहार्ड