अनुभव आणायचा कुठून?

तळेगाव, ६ जानेवारी २०२५

चि. माधवी, आणि तिच्यासोबत नर्सिंग पास होऊन घरी बसलेल्या सगळ्या पोरींनो,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून लिहिते. अनुभव नाही म्हणून लोणावळ्याच्या त्या हॉस्पिटलनं तुला तीनदा परत पाठवलं. अनुभव नोकरीत मिळतो. नोकरीआधी तो काय माहेरून आणायचा? आणि आता तुझा बाप सांगतो, तू घरोघरी बायका पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे कुणा बंगल्यात म्हातारीला सांभाळायला जाणार. नोंदणी झालेली नर्स, आणि हुद्दा ‘मावशी’! गेणू माझा भाऊ असून हे मुकाट ऐकतो, मी ऐकणार नाही. जाऊ नकोस. पत्र मैत्रिणींनाही वाचून दाखव.

जितका जीव तितकाच राग असलेली,
अनसूयाआत्या

औंढे, २ फेब्रुवारी

ती. अनसूयाआत्यांस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून दाखवलं. माझ्या वर्गातली पिंकी म्हणाली, तुझ्या आत्यांना माइक लागत नाही. आबा म्हणाले, बहीण माझी बोलती लय झ्याक, पर नोकरी कुटं देती?

मी गेले, आत्या. बंगल्यातल्या आसावरीबाईंना अर्धांगवायू आहे. त्यांना कुशीवर वळवणं, नळीतून भरवणं, पाठीची जखम साफ करणं, हेच तर मी शिकले. त्याची लाज तुम्ही वाटून घेऊ नका.

माझा राग वेगळा आहे. गेल्या आठवड्यात बाईंच्या छातीत कफ दाटला. त्यांना लोणावळ्याच्या त्याच हॉस्पिटलात नेलं. अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. मेट्रनबाईंनी बाईंच्या घशातला कफ मशीननं ओढून काढायचं काम, सक्शन, मलाच सांगितलं. मग शेजारच्या खाटेवरच्या आजींचंही. केलं. माणूस गुदमरत असताना भांडत कशी बसू? नंतर त्या म्हणाल्या, “हात चांगला आहे गं तुझा. कुठं शिकलीस?”

माझ्या तिन्ही मुलाखती त्यांनीच घेतल्या होत्या. मी म्हटलं, ब्युरोची मावशी आहे.

ब्युरोवाले म्हणतात, मावश्यांना अनुभवाचं पत्र देत नसतो. म्हणून आता वडगावला लॅबच्या कोर्सची चौकशी केलीय. नर्सिंग सोडून देईन म्हणते.

तुम्हाला घाबरणारी, तरी न ऐकणारी,
माधवी

तळेगाव, ७ फेब्रुवारी

चि. माधवी,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. जिला दाराबाहेर ठेवलं, तिच्याच हातात दोन म्हाताऱ्यांचे श्वास सोपवले, तेही फुकट. पगार द्यायची वेळ आली की पोरगी कच्ची, काम निघालं की हात चांगला!

बंगल्यातल्या कामाबद्दल तुझं खरं. त्यावर मी पुन्हा बोलणार नाही. लॅब आवडत असेल तर खुशाल शीक. पण हाकलली म्हणून जाऊ नकोस.

तू त्या हॉस्पिटलात जा. मी सोबत येत नाही. आले तर मेट्रनबाईंशी मीच भांडत बसेन आणि तुझं बोलणं राहून जाईल. पिंकीला घे. पांढरा गणवेश घाल. सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलापुढे उभी राहा आणि सांग, “त्या दिवशी सक्शन मी केलं. मी नर्स आहे. माझं नेमणूकपत्र द्या.”

माया आहे ती आहेच.
तुझी आत्या