लेआंद्रो, मोठ्याने वाच

मी, ओबदुलिया कारास्कोसा, वय एकोणऐंशी, विधवा, डोकं ठिकाणावर, गुडघे नाहीत, माझी ही शेवटची इच्छा स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे! दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी अंगठा उठवत होते.

एक. ऑलिव्हची एकशे चाळीस झाडं. ती माझ्याकडे नाहीत. आठ वर्षांपूर्वी मुलगा लेआंद्रो मला नोटरीकडे घेऊन गेला. “आई, अनुदानाचा कागद आहे, बोट टेकव.” नोटरीने भरभर वाचलं, माझं लक्ष चुलीवरच्या हरभऱ्यांकडे. टेकवलं बोट. ते बक्षीसपत्र होतं. नवऱ्याने आणि मी दगड वेचून लावलेली झाडं लेआंद्रोने विकली. ऑलिव्ह तोडायला गेले तर नवा मालक म्हणतो, “आजी, कुणाला विचारून आलात?”

मग मी प्रौढांच्या वर्गात गेले. यंदा आमच्या शिक्षिका कासिल्दाबाई आज्ञार्थ, म्हणजे हुकूम करायला शिकवतात: बोल, वाच, झाड, उघड. आम्ही अकरा म्हाताऱ्या. शेजारची विसिता म्हणाली, “बाई, हे आम्हाला पाठ आहे. फक्त आजवर कानाने!” इतक्या हसलो!

मंगळवारी लेआंद्रो पुन्हा आला, केक घेऊन.

“आई, इथे सही कर. विजेच्या मीटरचं आहे.”

“बस. वाच.”

“अगं, तुला काय कळणार त्यातलं?”

“मोठ्याने वाच.”

तो मीटर मीटर करत राहिला. मी कागद ओढला आणि अक्षराला अक्षर जोडत स्वतः वाचला. घर. माझं राहतं घर. वाचता आलं याचा इतका आनंद झाला, की रडायला थोडा उशीर झाला.

दोन. म्हणून हे घर, कोंबड्यांसकट, लेआंद्रोची मुलगी नाझारेत हिला. नाझारेत, राहा, भिंतींना चुना लाव, खिडक्या उघड. कायद्याने मुलाला द्यावाच लागतो तो वाटा लेआंद्रोला झाडांतच पोचला आहे.

तीन. तांब्याची कढई विसिताला. डुक्कर मारायच्या दिवशी दरवर्षी मागून नेते आणि काळी करून आणते. विसिता, घास.

चार. माझी अंत्ययात्रा. इथे लेआंद्रोला यायची मनाई लिहायची होती. पण आमच्या भाषेत हुकुमाला नुसतं ‘नको’ जोडून मनाई होत नाही, क्रियापदाचं रूपच बदलतं; ते बाई ईस्टरनंतर शिकवणार, आणि चुकीचं मी लिहीत नाही. तेव्हा, लेआंद्रो, वेळेवर पोच. पेटी पुढच्या बाजूने उचल. उंची तुझी बापावर गेली आहे.

सही: ओबदुलिया कारास्कोसा
साक्षीदार, दोघींनी वाचून: कासिल्दा मोन्तोरो, शिक्षिका, विसितासिओन लारा, शेजारीण
तोर्रेलोमा, हाएन प्रांत, ९ मार्च २०१९