एकटीनं उचलायची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

स्कूटी पडली. नेहमीसारखी नाही – अंगावर पडली.

वच्छलाबाईंच्या वाड्यावर मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायला निघाले होते. वाडा म्हणजे काय – माळावर जाळी लावून बसवलेली साठ मेंढरं आणि माणसांना राहायला एक पाल. डांबरी संपल्यावर पुढे चार किलोमीटर नुसता मुरूम. उतारावर पुढचं चाक सरकलं आणि पाय गाडीखाली अडकला. मोबाइलला रेंज नाही. सव्वानऊ ते बारा तशीच पडून! बर्फाचा डबा उलटला, लसीच्या बाटल्या उन्हात गेल्या. हातभर अंतरावर होत्या, पण हात पोचेना. एक म्हातारा गुरं घेऊन आला म्हणून सुटले.

गुडघ्याला सहा टाके. लस सगळी फेकून दिली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, रस्त्याकडची गावं करा. आतले वाडे राहू द्या. नाहीतर टेबलाचं काम घ्या." चांगल्या मनाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

आमच्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक मी एकटी. मी नाही गेले तर आत कोणीच जाणार नाही. आणि मी धनगराची पोर. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गोकुळ बजाजनगरहून आला. धाकटा भाऊ असून मला अक्कल शिकवतो. "ताई, स्कूटी भंगारात दे. तुला डांबरीवर पण पळंल अन् दगडात पण चढंल अशी पायजे." मोबाइलवर दाखवली – दोनशे सीसी, पुढचं चाक मोठं, पोट जमिनीपासून उंच. फोटो बघूनच जीव हरखला. मग सीटची उंची वाचली. साडेब्याऐंशी सेंटिमीटर! मी चार फूट अकरा इंच. रडू आलं नाही एवढंच.

आई भिंतीशी बसून ऐकत होती. गुडघे गेले म्हणून आबांनी तिला यंदा मेंढरांमागे नेलं नाही, माझ्या हर्सूलच्या खोलीवर आणून सोडलं. तीस वर्षं तिने बिऱ्हाडाची घोडी हाकली. आमच्यात पुरुष मेंढरांमागे आणि बायका घोडीमागे. आता घोडी नाही, बिऱ्हाड टेम्पोतून जातं.

म्हणाली, "पडल्यावर एकटीनं उचलती का ती?"

गोकुळ हसला. "आई, गाडी काय पाडायला घेत्यात का?"

"पडती," आई म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वच्छलाबाईंची कोकरं आंत्रविषाराने मरायला लागली. काल चार, आज सात. लस टोचली असती तरी अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, साहेब म्हणाले. मला माहीत आहे. मीच लोकांना सांगत असते.

वच्छलाबाईंचा फोन आला होता. उचलला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जालना रोडचं शोरूम. आई पण आली – ऐकेचना!

तिथला पोरगा सगळं गोकुळलाच सांगत होता. "सर, सस्पेन्शन एक नंबर." गोकुळ म्हणाला, ताईला घ्यायची आहे. तो माझ्या चपलेपासून वर बघत गेला आणि लवकरच डोक्यापर्यंत पोचला. बसून पाहिलं. एका पायाचा अंगठा टेकला, दुसरा हवेत.

आई म्हणाली, "आडवी करा."

"काय मावशी?"

"खाली पाडा म्हन्ते. हिला उचलू द्या."

"ऐसा नहीं होता मावशी, नवीन गाडी आहे!"

आई फरशीवर बसली. उठेना. शेवटी त्यांनी गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली जुनी गाडी मागे धुण्याच्या जागी नेली आणि दोघांनी अलगद आडवी केली. सगळा स्टाफ बघायला आला. एकशे एकोणसाठ किलो. हँडल धरून ओढलं, वीतभर उठली, हातातून निसटली. परत. परत. टाक्यांच्या जागी कळ आली. कोणीतरी मोबाइल काढला होता.

आई उठली. "नाय. चला."

रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सिडकोत एक जुनी, दीडशे सीसी. वजनाने बरीच हलकी. ही तरी उचलेल वाटलं होतं. कमरेपर्यंत आणली, त्यापुढे उठेना. "नाय. चला."

याहून हलकी घेतली तर ती त्या मुरमात चालणार नाही. चालेल ती मला उचलणार नाही. मग घ्यायची काय? आणि रागवायचं तरी कोणावर, माझ्या दंडांवर?

२० नोव्हेंबर, गुरुवार

आबांचा फोन. गंगापूरकडचं स्थळ आलंय. मुलाची ऊसशेती आहे, "नौकरी करायची गरज पडायची नाय."

आत्ता उजेड पडला! नोकरी सोड असं तोंडाने म्हणवत नाही, म्हणून आई गाड्या पाडत फिरतेय. दर शोरूममध्ये मला चारचौघांत दाखवून द्यायचं की तुझ्याने होत नाही. दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. विचारलं तर म्हणाली, "मला त्या स्थळाचं काही ठावं नाय."

खोटं बोलते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वच्छलाबाई दवाखान्यात आल्या. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. म्हणाल्या, "गुडघा बरा हाय का, बाई?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घेतली. तीच – दोनशेची. आईला सांगितलं नाही, गोकुळला पण नाही. फकिरा मिस्त्रीने सीटचा फोम कापून दोन बोटं खाली आणली. "अब देखो दीदी." आता दोन्ही अंगठे टेकतात.

हर्सूल तलावाच्या कडेने कच्च्या वाटेवर नेली. स्कूटी जिथे कण्हायची तिथून ही नुसती निघून गेली. दगड आले तर उभं राहून चालवायची, गोकुळने सांगितलं होतं. उभी राहिले. वारा तोंडावर. आठ-दहा मिनिटं मी खरंच सुखात होते. मग आठवलं की घरी जायचं आहे.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं बघितली, पोटाखाली वाकून बघितलं, आरशात बघितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आईने गाडी पाडली!

मी अंगणात पुसत होते. ती मागून आली, दोन्ही हात लावले आणि ढकलली. दोन दिवसांची गाडी! आरसा फुटला, टाकीला हा एवढा ओरखडा. "उचल," म्हणाली.

उचलली नाही. पहिल्यांदा रागाने, मग खरंच जमत नव्हतं म्हणून. ती शेजारी उभी राहून बघत होती, हात लावायला तयार नाही. मग मी बोलले. सगळं बोलले. "तुला माझं लग्न लावून मोकळं व्हायचंय. तुला काय कळतं गाडीतलं? जन्मभर एका घोडीची शेपटी धरून चाललीस तू!"

तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

हे बोलायला नको होतं. पण बोलले ते खरंच वाटत होतं, तेही लिहून ठेवते.

१ डिसेंबर, सोमवार

गाडी आडवीच. मीही हट्टाने हात लावला नाही. घरमालक येऊन म्हणाले, "उचलून देऊ का, अंबिका?" आतून आई ओरडली, "नाय!"

दवाखान्यात शहागंजला रिक्षा बदलून गेले. साहेबांना विचारलं, टेबलाचं काम कधीपासून मिळेल. ते म्हणाले, "या महिन्यापासूनच घ्या." किती सोपं होतं! सहा टाके घालून घ्यायची पण गरज नव्हती.

आईशी बोलणं नाही. तिने भाकरी वाढली, मी खाल्ली.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आई बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

मला एक थोरली बहीण होती. दीड वर्षाची. बिऱ्हाड चौक्याच्या घाटातून पायवाटेने उतरत होतं. लहान लेकरं घोडीवर, बिऱ्हाडावर बांधायची आमच्यात रीतच आहे, तशी तिलाही बांधली होती. घोडी लंगडत होती म्हणून आई मागे राहिली, बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या. आबा मेंढरांसोबत लांब. उतारावर घोडी घसरली आणि कुशीवर पडली. पोर त्याच अंगाला.

"लई ओढली. मह्या एकटीनं नाय उचलली गेली ती. पोरगी रडत व्हती तवर ओढत व्हते. मंग रडायची थांबली, तरी ओढत व्हते."

एवढंच. मग तवा उतरवला.

भाकरी तशीच ठेवलीय. गाडी अजून अंगणात आडवी आहे. मी उचलायला बाहेर जातेय.